गाणं साफ केलं अन् माणसं गायब झाली

इअरफोन लावले असतील तर आज एक कानातला काढून ठेवा, कारण विषयच तसा आहे: स्टुडिओतलं गाणं आणि मांडवातलं गाणं. ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. माझे मामा लातूरकडच्या गावात भीमगीतं गायचे. आता ते नाहीत. दिवाळीत मामीनं ट्रंकेतून एक कॅसेट काढून दिली. १४ एप्रिल १९९४ ची. नामांतर होऊन तीनच महिने झालेले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं किती घरं जळली, किती माणसं गेली, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. म्हणजे ती जयंती कशी झाली असेल, विचार करा.

मी बीटेकवाला माणूस. नांदेडला आलो, कॅसेट लॅपटॉपवर घेतली आणि आवाज साफ करणाऱ्या एका एआय टूलमध्ये टाकली. खरखर गेली, मामांचा आवाज काचेसारखा झाला. खूश होऊन मामीला व्हॉट्सॲप केलं. तासाभरानं तिचा फोन आला, "ह्यात तुझा मामा एकटाच गाऊलालाय रे. माणसं कुठं गेली?"

झालं काय होतं, सांगतो. असली टूल शिकवलेली असतात माइकजवळच्या एका माणसाच्या बोलण्यावर. बाकीचं सगळं त्यांच्या लेखी कचरा. मागं जी-जी करणारे झीलकरी, टाळ्या, मधेच उठलेली "जय भीम"ची आरोळी, सगळं त्यानं कचरा म्हणून खाली दाबलं. एका जागी तर फारच वाईट झालं. दोन गाण्यांच्या मधे मामा गौतम वाघमारे यांचं नाव घेतात. नोव्हेंबर १९९३ मध्ये याच नांदेडात त्यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं होतं. नाव घेतल्यावर सगळा मांडव गप होतो. मूळ कॅसेटमध्ये तेवढा वेळ नुसतं जनरेटर ऐकू येतं. टूलनं जनरेटर पण पुसलं. आता तिथं फोन म्युट झाल्यासारखं वाटतं. मांडवभर माणसं गप बसलीत, हे कळतच नाही.

यावरून मला जॉन लेननचा अल्बम आठवला. हो, तोच बीटल्सवाला. जून १९७२ मध्ये त्यानं आणि योको ओनोनं 'सम टाइम इन न्यूयॉर्क सिटी' काढला. दोन रेकॉर्डींचा संच, कव्हर वर्तमानपत्रासारखं. पहिल्या रेकॉर्डीवर स्टुडिओत केलेली राजकीय गाणी: ॲटिका तुरुंगातला उठाव, आयर्लंड, बायकांचे हाल. दुसरीवर लाइव्ह: १९६९ चा लंडनचा कार्यक्रम आणि १९७१ मध्ये फ्रँक झापासोबत न्यूयॉर्कला केलेला धिंगाणा. समीक्षकांनी धू धू धुतला.

माझं मत विचाराल तर जोडणीच चुकली होती. लाइव्ह बाजूचा आणि त्या राजकीय गाण्यांचा काहीच संबंध नाही. स्टुडिओतली गाणी तर बातमीसारखी शिळी झाली. अँजेला डेव्हिसच्या सुटकेसाठीचं गाणं घ्या. ती ४ जूनला निर्दोष सुटली आणि अल्बम दुकानात आला त्याच्या आठवडाभरानंतर! उलट जॉन सिंक्लेअरचं गाणं बघा. गांजाच्या दोन सिगारेटी दिल्या म्हणून या माणसाला दहा वर्षांची शिक्षा झालेली. १० डिसेंबर १९७१ ला लेननानं ते गाणं हजारो लोकांपुढं गायलं आणि तीन दिवसांत सिंक्लेअर बाहेर आला. (एकट्या गाण्यानं नाही, कायदाही तेव्हाच बदलत होता.) पण अल्बमवर घेतलं कोणतं? स्टुडिओतलं.

आपल्याकडं उलटं आहे. इथं मांडवातलं गाणंच मूळ असतं, कॅसेट नंतर. विलास घोगरेंचं बघा. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारा शाहीर. आनंद पटवर्धनांनी त्यांना १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये गाताना टिपलं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, आणि चार दिवसांनी घोगरेंनी आपला जीव दिला. त्यानंतर पटवर्धन १४ वर्षं कॅमेरा घेऊन वस्त्यांमधून फिरले आणि २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' आला. गाणी ऐकायची तर तो बघाच. त्यात गाणाऱ्यासोबत ऐकणाऱ्यांचे चेहरे पण दिसतात, लेकरं, म्हाताऱ्या, सगळे. कुणी साफ केलेलं नाही.

आता तुमच्यासाठी कामाचं. घरात अशी कॅसेट असेल तर आधी जशी आहे तशी उतरवा, वेव्ह फाइलमध्ये. एमपीथ्री नंतर करता येते, उलटं होत नाही. मोबाइल स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करू नका. फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतो, मग ढोलकीच्या प्रत्येक थापेला गायक खाली बसतो. टेपच्या हेडफोनच्या भोकातून थेट वायर घ्या. खरखर काढायचीच असेल तर कॉपीवर काढा, तीही थोडीच.

मी मामीला मूळ फाइल परत पाठवली. तिनं ऐकून सांगितलं की दुसऱ्या गाण्यात जी बाई सगळ्यात मोठ्यानं झील धरते, ती तीच आहे. मला आजवर माहीतच नव्हतं. तेवढा तुकडा एपिसोडमध्ये शेवटी लावलाय, जनरेटरसकट.