आतलं चाक, बाहेरचं चाक
छोटी गाडी, मोठं शास्त्र : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण पुढची चाकं वळवणाऱ्या सर्व्होचा मध्य साधला. ट्रिम शून्यावर, पुढची दोन्ही चाकं सरळ, आणि रिमोटवरचं बोट सोडलं की गाडी नाकासमोर धावते, इथपर्यंत आलो. आजचा भाग वळणाचा.

कुरखेड्यात धानाची मळणी आणि सुकवणी आटोपली, की सिमेंटची पटांगणं रिकामी होतात. माझी एक-दशांश मापाची टूरिंग कार मी अशाच पटांगणावर चालवतो. एका सकाळी ती डावीकडे छान वळत होती आणि उजवीकडे मात्र वळण सोडून सरळ निघून जात होती. मी पुढचा टो बदलला, मागच्या स्प्रिंगा बदलल्या, सर्व्होची मर्यादा वाढवली, आणि हे तिन्ही एकाच वेळी केलं. गाडी आणखी बिघडली. शेवटी ती उलटी धरून पाहिली, तर पुढच्या डाव्या टायरवर तेलकट धूळ आणि धानाचा भुसा चिकटला होता. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, आणि तेच चाक घसरत होतं. टायर पुसला, जुनं सेटिंग परत लावलं आणि गाडी वळू लागली.

या लेखात मला जे सांगायचं आहे, ते त्या सकाळी कळलं. गाडीला वळवते ती टायर आणि जमीन यांच्यातली पकड. टो, कॅम्बर, कॅस्टर, स्प्रिंग, तेल ही सगळी ती पकड चार चाकांत वाटून द्यायची साधनं. पुढच्या चाकांची पकड आधी संपली, तर गाडी वळणाबाहेर सरळ जाते, हा अंडरस्टिअर. मागच्यांची आधी संपली, तर शेपूट बाहेर येते आणि गाडी गरकन फिरते, हा ओव्हरस्टिअर. आधी कोणाची पकड सुटते, हे ओळखल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

आता दोन चाकांचा हिशोब पाहू. आमच्या भागातल्या एका जुन्या वाढईकाकांना मी विचारलं होतं, "काका, बंडीचं चाक आसावर इतकं मोकळं का ठेवता?" ते म्हणाले, "दोन चाकं एकमेकाले बांधली तं वळणावर एक घासते ना बाबू." याच घासण्यावर गाड्यांच्या यंत्रशास्त्राचं एक मोठं प्रकरण उभं आहे. बैलबंडीच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा. बंडीनं पूर्ण गोल फेरा घेतला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेनऊ मीटर जास्त चालतं. फेरा लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त चाकांमधल्या अंतरावर ठरतो. आपल्या टूरिंग कारची रुंदी साधारण १९० मिलिमीटर आणि दोन टायरांच्या मध्यांतलं अंतर सुमारे १६४ मिलिमीटर. तिच्यात हा फरक दर फेऱ्याला एक मीटरच्या आसपास येतो. बंडीची चाकं आसावर आपापली फिरतात, म्हणून तिथे प्रश्न मिटतो. मोटारीची चाकं इंजिननं फिरवायची असतात, म्हणून तिथे दोन्ही चाकांना ताकद देऊनही वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारं डिफरेन्शियल लागतं.

आपल्या गाडीच्या गिअर डिफरेन्शियलमध्ये सिलिकॉन तेल भरतात. तेल पातळ असेल, तर दोन चाकं सहज वेगवेगळ्या गतीनं फिरतात. घट्ट असेल, तर एकमेकांना धरून ठेवतात. पुढच्या डिफरेन्शियलमध्ये घट्ट तेल असलं, की थ्रॉटल देऊन वळणातून बाहेर पडताना पुढची चाकं गाडीला ओढून नेतात, पण वळणात शिरताना गाडी जड वाटते. तेल बदलायचं ठरवाल, तेव्हा तक्रार शिरतानाची आहे की निघतानाची, हे आधी लिहून ठेवा.

दुसरा हिशोब कोनाचा. बंडीला आस एकच, म्हणून बैल वळले की ती वळते. चार चाकांच्या घोडागाडीत मात्र पुढचा अख्खा आस मध्यभागी खिळून फिरवत, आणि तीव्र वळणावर गाडीचा आधार अरुंद होऊन ती कलंडायची. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर यानं १८१७च्या सुमारास दोन्ही पुढची चाकं आपापल्या खुंटीवर वळवणारी रचना काढली. १८१८ साली रुडोल्फ आकरमान यानं इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि नाव त्याचंच राहिलं. या भूमितीचं म्हणणं असं, की आतलं चाक लहान वर्तुळावर चालतं, म्हणून ते जास्त वळलं पाहिजे.

आपल्या गाडीचे आकडे घालून पाहू. पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर २५७ मिलिमीटर, वळणाची त्रिज्या मागच्या आसाच्या मध्यापर्यंत एक मीटर. आतलं चाक सुमारे १५.६ अंश वळायला हवं, बाहेरचं १३.४ अंश. फरक जेमतेम सव्वादोन अंशांचा, पण तो नसला तर एक चाक सतत घासतं. स्टिअरिंगच्या दांड्या जोडायला अनेक गाड्यांत दोन-तीन भोकं किंवा वॉशर दिलेले असतात, ते हाच फरक कमी-जास्त करायला.

आता तीन कोन, ज्यांची नावं सगळे घेतात आणि गल्लतही सगळे करतात.

टो म्हणजे वरून पाहताना चाकांची नाकं आत की बाहेर. पुढची चाकं अर्धा ते एक अंश बाहेर काढली, की गाडी वळणात चटकन शिरते, पण सरळ धावताना भटकते. मागची चाकं साधारण दोन ते तीन अंश आत ठेवतात. वळताना भार बाहेरच्या मागच्या चाकावर येतो, आणि त्याचं नाक आधीच आत असल्यानं ते लगेच शेपूट सावरतं.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल. चाकाचा माथा एक-दोन अंश आत झुकवतात. वळणात गाडी बाहेर कलते, तेव्हा बाहेरचा टायर त्यामुळे जमिनीवर सपाट बसतो. बरोबर आहे का, ते टायरच सांगतो. आतली कड जास्त झिजली, तर कॅम्बर जास्त झाला.

कॅस्टर म्हणजे ज्या खुंटीवर चाक वळतं, तिचा मागे कल. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरपा असतो, आणि हँडल सोडूनही सायकल सरळ जाते, त्यात या कलाचाही वाटा आहे. कॅस्टर वाढवला, की गाडी सरळ रेषेत शांत होते, आणि चाक वळवल्यावर बाहेरचं चाक आत झुकून पकड धरतं.

यातलं काय बदलायचं, हे वर्तुळ सांगेल. पटांगणावर खडूनं दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. फक्की वापरू नका, ती टायरला चिकटते. टायर ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करा, बॅटरी पूर्ण चार्ज करा. स्टिअरिंग एका जागी धरून गाडी सावकाश वर्तुळावर फिरवा आणि वेग हळूहळू वाढवा. वर्तुळ मोठं होत गेलं, तर पुढची पकड आधी संपते. पुढची स्प्रिंग एक पायरी मऊ करून पाहा. गाडी आत फिरू लागली, तर मागची मऊ करा. मग तेच उलट दिशेनं. डाव्या आणि उजव्या वर्तुळाचा आकार वेगळा आला, तर बहुधा रिमोटमधल्या सर्व्होच्या दोन्ही टोकांच्या मर्यादा सारख्या करायच्या राहिल्या आहेत.

दर वेळी एकच बदल. बदल आवडला, तरी एकदा जुन्या सेटिंगवर परत जा आणि पुन्हा चालवा. उन्हानं सिमेंट तापलं म्हणून गाडी सुधारली की तुमच्या पान्यानं, हे त्यावाचून कळत नाही. सकाळी सातला आणि दुपारी दोनला तेच पटांगण टायरसाठी दोन वेगळ्या जमिनी असतात.

हे मी शाळेतल्या मुलामुलींसाठी विशेष आग्रहानं लिहितो आहे. गाडी एकच असेल आणि वापरणारे दहा असतील, तरी चालेल. एकानं चालवावं, एकानं खडूची रेघ पाहावी, एकानं वहीत लिहावं. कोनमापक, पट्टी आणि वही दप्तरात असतेच. भूमितीच्या तासाला शिकलेला कोन इथे हातानं बदलता येतो आणि त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. ही संधी आपल्या तालुक्यातल्या मुलांनी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

या आठवड्याचं काम : वहीत चार रकाने आखा. जमीन आणि वेळ, केलेला एक बदल, डावं वर्तुळ, उजवं वर्तुळ. किमान सहा ओळी भरा. पुढच्या भागात शॉक ॲब्सॉर्बर आणि त्यातलं तेल घेऊ, तेव्हा या सहा ओळी समोर लागतील.