वाट दाखवणारा आणि पाठ राखणारा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणारा रस्ता दौलताबादच्या जुन्या तटबंदीतल्या दरवाजातून जातो. दरवाजाच्या बाजूने नव्हे, थेट कमानीखालून. समोरासमोर दोन मोठी वाहने आली की एकाने थांबायचे, नाहीतर मागे घ्यायचे. सुटीच्या दिवशी लेण्यांकडे निघालेल्या शहरवासीयांना इथली कोंडी पाठ आहे. मोबाइलवरच्या नकाशाला मात्र ती कमान ठाऊक नाही. त्याच्या लेखी तो एक रस्ता आहे आणि त्यावर एक निळी रेघ. खाली छोटी मारुती असो की छतावर एसी आणि सोलर पॅनेल चढवलेली, तीन मीटरच्या आसपास उंचीची मोटारहोम असो, रेघ तीच.

राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्या भागाला ते शोभतेही. वेरूळ, पितळखोरा, अजिंठा, लोणार अशी ठिकाणे एका फेरीत करायची तर हॉटेलात मुक्काम ठेवून रोज ये-जा करण्यापेक्षा मुक्कामच सोबत नेलेला बरा. पण ट्रॅव्हलर किंवा मिनीबसच्या सांगाड्यावर पलंग, ओटा आणि संडास बसवला की चालकाचा आतला आरसा निकामी होतो. त्यात दिसते ती संडासाची भिंत. म्हणून अशा गाडीच्या डॅशबोर्डवर हल्ली एक पडदा बसवतात. गाडी पुढे जात असताना तो नकाशा दाखवतो, रिव्हर्स गिअर पडला की मागचा कॅमेरा. पडदा एक असला तरी त्यामागची दोन यंत्रे अगदी वेगळ्या जातीची आहेत. एक फक्त मोजते, त्याला काही दिसत नाही. दुसऱ्याला सगळे दिसते, पण मोजता येत नाही. फिटिंग करताना आणि नंतर चालवताना होणारे बहुतेक घोटाळे हा फरक विसरल्याने होतात.

आधी मोजणारे यंत्र. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजून ती किती लांब पडली याचा अंदाज आपण घेतो. जीपीएस हेच करतो, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरींवर. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली जागा आणि वेळ सतत सांगत असतात. गाडीतला रिसीव्हर तो संदेश किती उशिरा पोहोचला ते मोजतो. उपग्रह डोक्यावर असेल तर हा उशीर सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याएवढा. तीन अंतरांवरून जागा ठरायला हवी, पण गाडीतले स्वस्त घड्याळ विश्वासाचे नसते, म्हणून त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. घड्याळात एक मायक्रोसेकंदाची गफलत म्हणजे जमिनीवर ३०० मीटरची. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे उपग्रहावरचे घड्याळ रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती आधीच केलेली नसती तर चूक दिवसाला ११ किलोमीटरच्या वेगाने साचत गेली असती, म्हणजे सकाळी दौलताबादला उभे असाल तर उद्या सकाळी नकाशाने तुम्हाला संभाजीनगरात पोहोचवले असते.

भारताची यात दोन कामे आहेत. ‘गगन’ ही यंत्रणा मुळात विमानांसाठी २०१५ साली सुरू झाली. ती आपल्या भूस्थिर उपग्रहांवरून जीपीएसच्याच लहरीवर दुरुस्त्या पाठवते, त्यामुळे साध्या रिसीव्हरलाही तिचा लाभ घेता येतो. दुसरी ‘नाविक’, आपली स्वतंत्र यंत्रणा. तिच्यातल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही परदेशी आण्विक घड्याळे बंद पडली आणि घड्याळ हाच या साऱ्याचा प्राण असल्याचे आपल्याला महागात कळले. २०२३ सालच्या एनव्हीएस-०१ मध्ये इस्रोने देशी रुबिडियम घड्याळ बसवले. भाड्याच्या प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकानुसार ठिकाण कळवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण आता सक्तीचे आहे. तेव्हा भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये एक रिसीव्हर बहुधा आधीपासूनच असतो. पण तो नियंत्रण कक्षाला सांगतो, चालकाला नाही.

उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याची ताकद वॅटच्या एक कोटी-अब्जाव्या हिश्श्याइतकी उरलेली असते. त्यामुळे डॅशबोर्डवर जागा निवडणे हे शोभेचे काम नाही. उन्हासाठी काचेवर धातूचा मुलामा असलेली फिल्म लावली असेल तर रिसीव्हर अर्धा बहिरा होतो. शेजारी स्वस्त चार्जर किंवा हलक्या दर्जाचा डॅशकॅम असेल तर त्यांच्या विजेच्या गोंगाटात उरलासुरला संदेशही बुडतो. त्यातून मे महिन्यातला मराठवाडा. बाहेर ४२ अंश असताना बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर तापतो, काचेला चिकटवलेली रबरी वाटी सुटते आणि आत लिथियमची बॅटरी असेल तर तिचे आयुष्य घटते. स्क्रूने पक्का केलेला स्टँड घ्यावा, आणि गाडी उभी असताना पडदा काढून कपाटात ठेवावा. मोटारहोममध्ये कपाटांना तोटा नसतो.

समृद्धी महामार्गाने मुंबईकडे निघालात की इगतपुरीजवळ पावणेआठ किलोमीटरचा बोगदा लागतो. आत उपग्रह नाहीत. तरी पडद्यावरचा बाण पुढे सरकत राहिला तर समजावे, यंत्र गतीमापक आणि दिशामापक चिपवरून अंदाज बांधते आहे. ही कल्पना जीपीएसहून जुनी. होंडाने १९८१ साली जपानमध्ये मोटारीसाठी जे मार्गदर्शक यंत्र विकायला आणले, त्याला उपग्रह लागतच नव्हते. वायूवर चालणारा जायरोस्कोप आणि पारदर्शक नकाशे एवढ्यावर ते चाले.

राहिली कमान. मोठ्या गाड्यांसाठीच्या खास नेव्हिगेशन यंत्रांत आपल्या गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन भरता येते, मग ती कमी उंचीचे पूल टाळून वाट काढतात. सोय छान आहे. पण त्या कमानीची उंची कोणीतरी नकाशात भरलेली असली तरच ती चालणार. अमेरिका-युरोपात ही माहिती बऱ्यापैकी भरलेली असते. आपल्याकडे दौलताबाद सोडाच, शहरातल्या मकाई गेट, भडकल गेट किंवा एखाद्या रेल्वे पुलाखालच्या बोगद्याबाबतही यंत्रावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. इथे पानटपरीवाल्याला विचारलेले बरे.

आता पाहणारे यंत्र. मागच्या कॅमेऱ्याचे भिंग १२० ते १७० अंशांपर्यंत रुंद पाहते. जेवढी रुंद नजर, तेवढ्या वस्तू लहान आणि म्हणून लांब वाटतात. पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा हा भास सावरतात, पण त्या एका गृहीतकावर आखलेल्या असतात: मागची जमीन सपाट आहे आणि वस्तू जमिनीला टेकलेली आहे. घाटात मागे चढ असेल तर पडद्यावर दोन मीटरवर दिसणारी दरड प्रत्यक्षात त्याहून जवळ असते. ट्रकमधून बाहेर आलेल्या लोखंडी गजांचे, लिंबाच्या आडव्या फांदीचेही तसेच. कॅमेऱ्यातून निघालेली नजरेची रेघ फांदीला चाटून पुढे कुठेतरी जमिनीला भिडते, आणि रेघांच्या हिशेबाने फांदी तिथे आहे असे वाटते. मोटारहोमच्या पाठीवरची शिडी आणि मागचा एसी याच भासाचे बळी.

दुसरी गोष्ट उशिराची. ताशी पाच किलोमीटर वेगाने मागे येणारी गाडी सेकंदाला १४० सेंटिमीटर सरकते. चित्र सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढे उशिरा आले तर तेवढ्यात २८ सेंटिमीटर संपले. बिनतारी कॅमेरे साधारण २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. गाडीतला वायफाय त्याच पट्ट्यात, आणि मधे ॲल्युमिनियमच्या भिंती. चित्र अडखळते ते नेमके मागे घेताना. म्हणून वायर ओढण्याचा त्रास घ्यावाच.

वायरिंगवाल्याकडे गेलात की तो मागच्या रिव्हर्स लाइटवरून कॅमेऱ्याला वीज घेतो, तिथेच बॉडीला अर्थ देतो आणि चित्राची केबल पुढे आणतो. छोट्या मोटारीत हे खपते. सात-आठ मीटर लांबीच्या गाडीत पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकू लागतात. मग कॅमेरा बदलतात, तो बिचारा निर्दोष असतो. खरे कारण असे: गाडीची बॉडी हीच सगळ्या विजेची परतीची वाट, आणि अल्टरनेटरचा प्रवाह तिच्यातून वाहत असताना मागच्या टोकात आणि पुढच्या टोकात विजेच्या दाबाचा सूक्ष्म फरक राहतो. कॅमेरा मागे आणि पडदा पुढे अर्थ केला की तो फरक चित्राच्या केबलच्या जाळीतून वाहतो. कॅमेऱ्याची अर्थ वायर पडद्यापर्यंत आणून एकाच जागी जोडली की पट्ट्या बहुधा जातात. काही नव्या गाड्यांत रिव्हर्स लाइटला वीज अखंड न देता तुकड्यातुकड्याने देतात, तिथे चित्र लुकलुकते. मग लाइटने फक्त रिले चालवावा आणि कॅमेऱ्याला वेगळी, फ्यूज घातलेली वीज द्यावी. मोटारहोममध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक इंजिनाची आणि एक घराची. पडदा आणि कॅमेरा इंजिनाच्या बाजूलाच, चावी फिरवल्यावर सुरू होणाऱ्या सर्किटवर हवेत. पत्र्यातल्या भोकात रबरी ग्रोमेट नसेल तर वर्षभरात कडेने वायर कापली जाते.

काम झाले की एक चाचणी पैसे देण्याआधी करावी. कोणालातरी गाडीमागे डाव्या बाजूला उभे करा. पडद्यावरही तो डावीकडेच दिसायला हवा, आरशात दिसतो तसा. उजवीकडे दिसला तर कॅमेरा पुढे लावायच्या सेटिंगवर आहे.

कायदा इथे थोडा मागे आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे अडथळा आला की वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. अमेरिकेत २००२ साली कॅमेरॉन गुलब्रान्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली गेला, त्याच्या नावाने कायदा झाला आणि मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा अनिवार्य झाला. पण तोही साडेचार टनांच्या आतल्या गाड्यांना. ज्यांची पाठ सर्वांत आंधळी, त्या मोठ्या मोटारहोम नियमाबाहेरच राहिल्या.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर वायरचा कॅमेरा आधी घ्या. नकाशाचे काम मोबाइल भागवतो, मागचे दाखवण्याचे नाही. आणि वेरूळकडे निघण्याआधी गाडीची उंची टेपने मोजा, पण छताच्या पत्र्यापर्यंत नव्हे, एसीच्या टोकापर्यंत; तो आकडा जाड अक्षरांत लिहून चालकासमोर चिकटवा.