हे स्वप्न आहे, हे स्वप्नातच कसे ओळखावे?

गेली वीस वर्षे मला एक स्वप्न अधूनमधून पडते. प्रॅक्टिकलची परीक्षा चालू आहे. समोर मीटर ब्रिज आहे. गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणून मी पट्टीवरचे वाचन घेतो : ४७.३ सेंटिमीटर. वहीत लिहून खात्रीसाठी पुन्हा पाहतो, तर तिथे ६१.८! तिसऱ्यांदा पाहावे, तर पट्टीवर आकडेच नाहीत. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ पाहत उभे असतात आणि मी घामाघूम होऊन जागा होतो. गंमत अशी, की लाकडी पट्टीवरचे छापील आकडे आपोआप बदलताना पाहूनही ‘ज्या अर्थी हे घडते आहे, त्या अर्थी हे स्वप्न असले पाहिजे’ असा साधा निष्कर्ष या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला इतक्या वर्षांत फक्त दोनदा काढता आला. त्या दोन्ही वेळी मी झोपेतच होतो, स्वप्नही चालूच होते. फक्त ते स्वप्न आहे हे मला कळले होते.

अशा स्वप्नाला आपण सजग स्वप्न म्हणू. फ्रेडरिक व्हान एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने १९१३ साली आपल्या अशा स्वप्नांवर निबंध लिहिला, तेव्हापासून हा विषय नावारूपाला आला. निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यात एकदा तरी असा अनुभव येतो, असे अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र केल्यावर दिसते. तुमच्यापैकीही कित्येकांना तो आला असेल.

या विषयाकडे मी वळलो तो मात्र अकरावीच्या एका मुलीमुळे. तिचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि ती गावी आजीजवळ राही. आमच्या बीड जिल्ह्यात ही घरोघरची गोष्ट. त्या काळात तिला वारंवार एकच स्वप्न पडे : उसाने भरलेला ट्रॅक्टर येतो, त्यावर आई बसलेली असते आणि वळणावर ट्रॅक्टर उलटतो. ती झोपायलाच भिऊ लागली होती. “सर, हे स्वप्न आहे असं मला तेव्हाच कळलं तर भीती वाटणार नाही ना?” असे तिने विचारले. माझ्याजवळ लगेच द्यायला उत्तर नव्हते.

आमच्या आंबेजोगाईला जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती हे शब्द नवे नाहीत. ‘विवेकसिंधू’कार मुकुंदराजांची समाधी इथल्या डोंगरात आहे आणि पासोडीवर, म्हणजे लांबच लांब कापडावर, पंचीकरण लिहिणारे दासोपंत इथलेच. त्यांचा प्रश्न आत्मज्ञानाचा होता. आपला प्रश्न त्या मानाने फार लहान आहे : ‘मला स्वप्नात कळले होते’ असे कोणी सकाळी सांगितले, तर शेजारी बसलेल्याने ते खरे कशावरून मानावे? तो मनुष्य मध्येच क्षणभर जागा झाला नसेल कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी दिले. झोपेत आपले डोळे मिटल्या पापण्यांआड काही वेळ भराभर हलतात, हे शिकागो विद्यापीठात ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवले. स्पष्ट, गोष्टीसारखी स्वप्ने बहुतेक याच झोपेत पडतात. साधारण दर दीड तासाने तिची फेरी येते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. या वेळी हातापायांचे स्नायू मेंदूच्या आज्ञेने सैल पडलेले असतात. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून खाली पडला असता. श्वासाचे मुख्य स्नायू आणि डोळ्यांचे स्नायू मात्र मोकळे असतात. (कधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायू मागून. मग ‘छातीवर कोणी बसले होते, हात हलेना’ असे वाटते. त्याला अंगाऱ्याची गरज नाही. ते आपोआप सुटते.)

आता थोडे भौतिकशास्त्र. आपला डोळा म्हणजे एक इवलीशी विद्युत्‌घट आहे. त्याची पुढची बाजू मागच्या दृष्टिपटलाच्या तुलनेत धन असते. दोहोंतील विभवांतर एक सहस्रांश व्होल्टच्या आसपास असते. डोळ्यांच्या कडेला विद्युदग्रे चिकटवली की बुबुळ डावीकडे वळले म्हणजे कागदावरची लेखणी एका बाजूला जाते, उजवीकडे वळले म्हणजे दुसऱ्या. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठातील कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. स्वप्नात भान आले की डोळे डावी-उजवीकडे ठरल्याप्रमाणे फिरवायचे, असा त्यांनी ॲलन वर्स्ली यांच्याशी संकेत केला. १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी वर्स्ली गाढ झोपेत असताना कागदावर तो संकेत उमटला! मेंदूच्या लहरी झोपेच्या, स्नायू सैल आणि डोळे मात्र ठरलेली खूण करीत आहेत. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवले. त्यांनी स्वप्नात एक ते दहा मोजायला सुरुवात करताना आणि संपवताना खूण करून वेळही मोजला. तो जागेपणीच्या मोजण्याइतकाच भरला. ‘अख्खे स्वप्न क्षणात पडते’ ही समजूत या मोजणीपुढे टिकत नाही.

२०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील प्रयोगशाळांनी तर झोपलेल्याला प्रश्न विचारले. “आठातून सहा गेले किती?” झोपलेल्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले : दोन. अशा १५८ प्रयत्नांत बरोबर उत्तरे २९ वेळा आली आणि बहुतेक वेळा उत्तरच आले नाही. मला हे दुसरे वाक्यही पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

मग हे भान आणायचे कसे? मेंदू झोपेतही दिवसाच्याच सवयी चालवतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे! म्हणून दिवसा आठ-दहा वेळा स्वतःला मनापासून विचारावे : ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?’ आणि लगेच कसोटी घ्यावी. एखादी पाटी किंवा घड्याळ वाचावे, नजर काढून पुन्हा वाचावे. स्वप्नात ते वाचन सहसा टिकत नाही, कारण तिथे पाटी नसतेच. मेंदू ती दर वेळी नव्याने रंगवतो. दुसरी कसोटी : नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा. स्वप्नात श्वास चालूच राहतो, कारण खाटेवरचे खरे नाक कोणी धरलेलेच नसते. हर्न यांनी दिव्याचे बटण दाबून पाहायला सांगितले आहे. स्वप्नात बहुधा दिवा लागत नाही. भारनियमनात लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला मात्र बटण दाबूनही दिवा न लागणे हीच जागेपणाची खूण वाटते!

एक गोष्ट बजावून सांगतो. उंचावरून उडी मारून किंवा विस्तवाला हात लावून कसोटी घ्यायची नाही, कधीही नाही. नजर आणि नाक पुरेसे आहे.

लाबर्ज यांची रीत याला जोडून आहे. स्वप्नातून जाग आली की ते आठवून लिहावे, मग पुन्हा झोपताना ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मी ओळखीन’ असे मनात घोकावे आणि तसे ओळखल्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पाच तास झोपून उठावे, थोडा वेळ जागे राहून हे करावे आणि पुन्हा झोपावे, असेही सांगतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे डेनहोम ॲस्पी यांनी कसोटी, मधली जाग आणि हे घोकणे एकत्र करून पाहिले, तेव्हा आठवड्याभरात सरासरी १७ टक्के प्रयत्न यशस्वी ठरले. म्हणजे सहा रात्रींतून एखादी. त्यासाठी झोप मोडणे मला पसंत नाही. दहावी-बारावीच्या मुलांनी तर गजर लावून हा उद्योग मुळीच करू नये. वही आणि दिवसाच्या कसोट्या पुरे.

त्या मुलीला मी हेच सांगितले आणि आणखी एक उपाय दिला. दुःस्वप्नांवर तो वैद्यकीय चाचण्यांत उपयोगी ठरला आहे : स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून लिहायचा आणि रोज दहा-पंधरा मिनिटे तो डोळ्यांसमोर आणायचा. भीती कमी झाली नाही तर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात दाखवायचे, हेही ठरले. कसोटीसाठी तिने गाड्यांच्या नंबरपाट्या निवडल्या. कॉलेजला येता-जाता प्रत्येक पाटी ती दोनदा वाचू लागली.

पहिला महिनाभर काहीच घडले नाही. स्वप्न पडायचे आणि ती रडत उठायची. संक्रांतीनंतर एके दिवशी ती वही घेऊन आली. ट्रॅक्टर आला तेव्हा तिने पाटी वाचली : एमएच ४४. पुन्हा पाहिले तर एमएच २३. “मग मला कळलं, सर. मी ट्रॅक्टर थांबवला नाही. मी वर चढून आईजवळ बसले. वळण आलं आणि मी जागी झाले.” पुढेही ते स्वप्न दोन-तीनदा पडले, पण झोपायची भीती मात्र गेली.

जाताना तिने विचारले, “सर, मी तेव्हा हात हलवला असता, तर तो आजीला दिसला असता का?”

मी म्हणालो, “हात नसता दिसला. डोळे फिरवले असतेस आणि आजी पापण्यांकडे बघत बसली असती, तर दिसले असते.”