धाव कोणाची, वाट कोणाची?

एनएफएल ही अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग. तिच्या १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे विद्यापीठांतल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वांत आधी नाव पुकारले गेले पेन स्टेट विद्यापीठाच्या की-जाना कार्टरचे. सिनसिनाटी बेंगल्सचा क्रमांक खरे तर पाचवा होता. पण कार्टर हातचा जाऊ नये म्हणून त्यांनी नव्याने उभ्या राहिलेल्या कॅरोलिना पँथर्सना आपली पाचवी आणि छत्तिसावी निवड देऊन टाकली आणि पहिला क्रमांक पदरात पाडून घेतला. त्याच ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत, ७४ व्या क्रमांकावर, कर्टिस मार्टिन न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला. सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर, डेन्व्हर ब्रॉन्कोजने टेरेल डेव्हिसला घेतले. तिघेही रनिंग बॅक. कार्टरने पुढे सगळ्या कारकिर्दीत मिळून १,१४४ यार्ड काढले, मार्टिनने १४,१०१. डेव्हिसने एकट्या १९९८ च्या मोसमात २,००८ काढले. मार्टिन आणि डेव्हिस आज थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

नशिबाचा खेळ म्हणून यावर पडदा टाकता येतो, आणि अमेरिकेतले बरेच जण टाकतातही. मला मात्र या एका ड्राफ्टमध्ये रनिंग बॅक जोखण्याच्या शास्त्राचे सगळे गुणदोष एकाच ताटात वाढलेले दिसतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू हातात धरून पुढे न्यायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड मारायचे, की आणखी चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक एक तर चेंडू फेकतो, नाही तर मागून येणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. पुढे पाच धिप्पाड गडी, एकेक सव्वाशे-दीडशे किलोचा, समोरच्यांना रेटून वाट मोकळी करत असतात. या पाचांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. मोकळी झालेली वाट अर्धा-एक सेकंद टिकते. त्या अवधीत ती दिसली पाहिजे आणि दिसली की शरीर तिच्यात घातले पाहिजे.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही. गेल्या मोसमात जो संघ तळाला होता तो आधी निवडतो, विजेता सर्वांत शेवटी, आणि अशा सात फेऱ्या होतात. विद्यापीठातून आलेल्या मुलाला संघ निवडण्याची मुभा नसते. गंमत अशी की १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा पहिले नाव होते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे, तोही चेंडू घेऊन धावणाराच. पैशांचे जमले नाही आणि हा गृहस्थ व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. सुरुवातच अशी झाली म्हणायची!

कार्टरकडे वळू. १९९४ च्या मोसमात त्याने १९८ वेळा चेंडू घेऊन १,५३९ यार्ड काढले, म्हणजे दर धावेला पावणेआठ. मोसमाअखेरच्या रोझ बोल सामन्यात पेन स्टेटच्या पहिल्याच चालीवर तो ८३ यार्ड पळत सुटला तो थेट गोलरेषेपलीकडे, म्हणजे टचडाउन. संघ बाराच्या बारा सामने जिंकला. या आकड्यांपुढे कोणाचीही मान डोलावी. पण त्याच ड्राफ्टची यादी थोडी खाली वाचा. पाचव्या क्रमांकावर गेलेला क्वार्टरबॅक केरी कॉलिन्स पेन स्टेटचाच, आणि नवव्या क्रमांकावरचा काइल ब्रेडी हाही पेन स्टेटचाच. पहिल्या नवांत एकाच विद्यापीठाचे तिघे. ते पावणेआठ यार्ड एकट्या कार्टरचे होते की चौफेर उभ्या असलेल्या या फौजेचे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

तरीही त्याला घेणे चूक होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोसमाआधीच्या सराव सामन्यात, डेट्रॉइटविरुद्ध, तिसऱ्यांदा चेंडू हातात आला आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. पुन्हा तो पहिल्यासारखा धावला नाही. हे खेळाडू हेरणाऱ्या कोणत्याच स्काउटच्या वहीत सापडले नसते. मात्र ज्या जागेवरचा माणूस सामन्यात वीस-पंचवीस वेळा मुद्दाम गर्दीत शिरतो, त्या जागेवर सर्वांत मोलाची निवड लावणे म्हणजे किती मोठा जुगार, हे बेंगल्सना आधीच ठाऊक असायला हवे होते.

आता मोजमापांकडे. दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस इंडियानापोलिसला तीनशेहून अधिक मुलांची चाचणी होते. तिला कंबाइन म्हणतात आणि १९८७ पासून ती याच गावात भरते. उंची, वजन, उभी उडी, लांब उडी, १०२ किलोचा बार किती वेळा उचलता येतो ते, आणि डॉक्टरांची तपासणी. सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते ४० यार्डांच्या, म्हणजे साडेछत्तीस मीटरच्या धावेकडे. २००८ साली ख्रिस जॉन्सनने ती ४.२४ सेकंदांत संपवली. टेनेसीने त्याला चोविसाव्या क्रमांकावर घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याने २,००६ यार्ड काढले. तेव्हापासून घड्याळावरची श्रद्धा आणखी वाढली.

पण रनिंग बॅकची बहुतेक धाव चार-पाच यार्डांत संपते. चाळीस यार्ड सरळ रेषेत, अंगावर कोणी नसताना, तो मोसमात मोजक्या वेळा धावतो. एमिट स्मिथ बुटका आणि संथ आहे, असे १९९० मध्ये अनेकांचे मत होते. तो सतराव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि १८,३५५ यार्ड काढून निवृत्त झाला. सर्वाधिक यार्डांचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या ब्लेअर थॉमसला मोजकेच लोक आठवत असतील.

२००८ मध्ये बिल बार्नवेल या लेखकाने यावर एक तोडगा काढला. हलका माणूस वेगाने धावला तर नवल नाही, जड माणूस धावला तर आहे. म्हणून पौंडांतल्या वजनाला दोनशेने गुणायचे आणि ४० यार्डांच्या वेळेच्या चौथ्या घाताने भागायचे. सर्वसाधारण मुलाचा गुणांक शंभराच्या आसपास येतो. २३३ पौंडांचा सेक्वॉन बार्कली २०१८ मध्ये ४.४० सेकंदांत धावला, त्याचा गुणांक येतो १२४. जवळपास १०६ किलोचा देह आणि हा वेग, हे खरोखर थक्क करणारे आहे. पण २०१७ च्या करीम हंटला हेच सूत्र लावा: २१६ पौंड, ४.६२ सेकंद, गुणांक ९५. तिसऱ्या फेरीतला हा मुलगा त्याच वर्षी १,३२७ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. सूत्र टाकाऊ नाही. ते फक्त देह मोजते, नजर मोजत नाही.

नजर कशी मोजायची? त्यासाठी चित्रफीत पाहावी लागते, आणि तीही चेंडूमागे न पळता. जाणते स्काउट आधी लाइन बघतात, वाट कुठे उघडली ते ठरवतात, आणि मग मुलाने ती कधी पाहिली हे बघतात. पहिला धक्का बसल्यावर तो किती पुढे सरकला, हा दुसरा प्रश्न, कारण धक्क्यानंतरचे यार्ड बऱ्याच अंशी त्याचे स्वतःचे असतात. बॉइसी स्टेटच्या ॲश्टन जेंटीने २०२४ मध्ये २,६०१ यार्ड काढले. बॅरी सँडर्सच्या विद्यापीठ फुटबॉलमधल्या १९८८ च्या विक्रमाला तो केवळ २७ यार्ड कमी पडला. त्यातले निम्म्याहून बरेच अधिक यार्ड धक्क्यानंतरचे होते. कंबाइनमध्ये तो ४० यार्ड धावलाच नाही, तरी लास व्हेगस रेडर्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर उचलले.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही. क्वार्टरबॅक चेंडू फेकायच्या तयारीत असताना रनिंग बॅकला मागे थांबून त्याची राखण करावी लागते. पलीकडून लाइनबॅकर हा शंभर-एकशेदहा किलोचा बचावपटू धावत येतो. तो कुठून येणार हे आधी ओळखायचे आणि मग त्याला छातीवर घ्यायचे. विद्यापीठात ज्याच्या हातात सतत चेंडू असतो त्याला हे काम क्वचितच करावे लागते. पहिल्या वर्षी अनेक गुणी पोरे बाकावर बसतात ती यामुळेच.

कर्टिस मार्टिनची चित्रफीत त्या वर्षी फारशी नव्हतीच. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या शेवटच्या मोसमात त्याने टेक्सासविरुद्ध २५१ यार्ड काढले, पुढच्या सामन्यात घोटा दुखावला आणि मोसम संपला. ‘सारखा दुखापतीत असतो’ हा शिक्का बसला. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांनी तरीही त्याला घेतले. हॉल ऑफ फेमच्या भाषणात मार्टिनने स्वतःच सांगितले की, पार्सेल्स यांचा फोन आला तेव्हा त्याला फुटबॉल खेळण्याची इच्छाच नव्हती. खेळाचे वेड नसलेला, दुखापतींचा शिक्का बसलेला हा माणूस अकरा मोसम खेळला, आणि २००४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १,६९७ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. या जागेवरचे बहुतेक खेळाडू त्या वयात घरी बसलेले असतात.

डेव्हिसची कथा त्याहून वेगळी. लाँग बीच स्टेटने आपला फुटबॉल संघच बंद केला म्हणून तो जॉर्जियाला गेला. शेवटच्या मोसमात मांडीचा स्नायू दुखावला आणि जेमतेम ४४५ यार्ड झाले. ब्रॉन्कोजच्या सरावातही तो रनिंग बॅकच्या रांगेत अगदी मागे उभा असे. ऑगस्टमध्ये संघ प्रदर्शनी सामन्यासाठी टोकियोला गेला, तेव्हा गाशा गुंडाळून घरी जावे असे त्याच्या मनात घोळत होते. त्या सामन्यात त्याला किकऑफच्या तुकडीत, म्हणजे चेंडू लाथेने पलीकडे धाडून तो घेऊन येणाऱ्याला अडवणाऱ्यांत, पाठवले गेले. चेंडू घेऊन येणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळाडूवर तो असा आदळला की प्रशिक्षकांच्या माना वळल्या. म्हणजे त्याच्याकडे लक्ष गेले ते धावण्यामुळे नव्हे, दुसऱ्याला पाडण्यामुळे. मोसम सुरू झाला तेव्हा तो पहिल्या अकरांत होता.

पण डेव्हिस ज्या लाइनमागे धावला ती प्रशिक्षक ॲलेक्स गिब्स यांच्या हाताखाली घडलेली होती. पाचही जण एकाच दिशेला तिरके सरकायचे. धावणाऱ्याने थांबायचे, फट दिसली की एकदाच वळायचे आणि सुटायचे, नाचायला बंदी. १९९९ मध्ये डेव्हिसचा गुडघा गेला. त्याच्या जागी चौथ्या फेरीतल्या ओलँडिस गॅरीने १,१५९ यार्ड काढले. पुढच्या वर्षी सहाव्या फेरीतल्या माइक अँडरसनने १,४८७. २००२ आणि २००३ मध्ये क्लिंटन पोर्टिसने दोन्ही वेळा दीड हजाराच्या वर. मग २००४ मध्ये डेन्व्हरने पोर्टिस वॉशिंग्टनला देऊन टाकला आणि बदल्यात चँप बेली हा बचावपटू घेतला, वर दुसऱ्या फेरीतली एक निवड. आपल्या कारखान्यात माल कुठे तयार होतो हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मग डेव्हिस केवळ लाइनची किमया होता काय? मला तसे वाटत नाही. बाद फेरीच्या आठ सामन्यांत त्याने १,१४० यार्ड काढले. १९९८ च्या जानेवारीत सॅन दिएगोच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, अर्धशिशीने डोळ्यांपुढे अंधारी आली, दुसरे क्वार्टर बाहेर काढावे लागले, आणि तरी १५७ यार्ड व तीन टचडाउन. ती लाइन गॅरीलाही मिळाली, अँडरसनलाही मिळाली. बाद फेरीतले असे सामने मात्र त्यांच्या खात्यावर नाहीत.

या वादाचा ताजा दाखला बार्कलीचाच. न्यूयॉर्क जायंट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले खरे, पण पुढे वाट काढणारे बळकट नव्हते. २०२३ मध्ये त्याचे ९६२ यार्ड झाले. २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. माणूस तोच, वय एकने जास्त, लाइन देशातली अव्वल: २,००५ यार्ड आणि सुपर बोल.

संघांनी यातून काढलेला निष्कर्ष पैशांत दिसतो. २०१३ मध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. १९६३ नंतर असे पहिल्यांदाच घडले. २०१४, २०२२ आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच. नवोदिताचा करार चार वर्षांचा, तोही ठरलेल्या दराने. तो संपेपर्यंत पोराच्या पायांतली सर्वांत चांगली वर्षे निघून जातात, आणि मग संघ म्हणतो, आता वय झाले. २०२३ च्या जुलैत नामवंत रनिंग बॅकनी एकत्र येऊन आपसात यावर बैठक घेतली, पण हाती फारसे लागले नाही. मला विचाराल तर त्यांची तक्रार रास्त आहे. ज्याचा देह सर्वांत लवकर झिजतो त्यालाच सर्वांत उशिरा भाव मिळतो.

तरीही निवड करणाऱ्याच्या खुर्चीत बसवले तर माझा कौल स्पष्ट आहे. लाइन कच्ची असेल तर पहिल्या दहांत रनिंग बॅक घेऊ नये, मग तो बार्कली का असेना. लाइन पक्की असेल तर तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावे, घड्याळ खिशात ठेवावे, आणि ज्याची चित्रफीत थोडी पण नजर तेज अशा मुलाच्या घोट्याचा अहवाल डॉक्टरांकडून पुन्हा एकदा नीट वाचून घ्यावा.