अझोरेस बेटांचे मोल आणि गोव्याचा विलंब

गोवा मुक्तिदिनाचे सोहळे दरवर्षी १९ डिसेंबरला यथासांग पार पडतात आणि वक्ते रिवाजाप्रमाणे लष्करी मोहिमेचा गौरव करतात. परंतु इंग्रज १९४७ साली निघून गेल्यावरही पोर्तुगीज अंमल चौदा वर्षे कसा टिकला, याचे उत्तर रणांगणापेक्षा वकिलातींच्या दप्तरांत अधिक सापडते.

महायुद्धानंतर हुकूमशहांविषयीचा राष्ट्रांचा संताप सर्वांवर सारखा कोसळला नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधून राजदूत परत बोलवावेत, अशी शिफारस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२ डिसेंबर १९४६ रोजी केली. शेजारच्या पोर्तुगालात गुप्त पोलीस आणि वृत्तनियंत्रण यांच्या बळावर राज्य करणारा सालाझार मात्र १९४९ साली नाटोच्या संस्थापकांच्या पंक्तीस बसला. फ्रँकोने हिटलरशी सलगी केली होती, हा भेद खराच. पण खरे कारण अटलांटिकमधील अझोरेस बेटे हे होय. १९४३ साली ब्रिटनने चक्क १३७३ च्या तहाचा हवाला देऊन तेथे तळ मिळविले, पाठोपाठ अमेरिकाही आली, आणि पुढे शीतयुद्ध पेटल्यावर त्या धावपट्ट्यांपुढे पणजीच्या तुरुंगातील कैद्यांची कोण पत्रास ठेवणार!

सालाझारही मुरब्बी. १९५१ साली राज्यघटना बदलून त्याने वसाहतींना 'सागरपार प्रांत' बनविले. आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्यावर चार महिनेही उलटले नव्हते, तोच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या निवेदनात त्या 'प्रांतां'चा निःसंकोच उल्लेख केला. त्याच डिसेंबरात पोर्तुगाल आणि स्पेन एकाच दिवशी संयुक्त राष्ट्रांत दाखल झाले. आठ दिवसांतच पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीवरून भारताला हेगच्या न्यायालयात खेचले.

१९६१ साली लष्करी मोहीम सुरू झाल्यावर सुरक्षा समितीत युद्धबंदी व भारतीय सैन्याच्या माघारीचा ठराव सात विरुद्ध चार मतांनी आला, तो सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. एका हुकूमशाहीच्या तावडीतून सुटताना दुसरीचा हात उपयोगी पडावा, ही विसंगती आपल्या वक्त्यांना सहसा स्मरत नाही. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने, त्याच वर्षी एप्रिलात खुद्द पोर्तुगीज लष्करानेच लिस्बनमधील राजवट उलथून टाकल्यावर.