जुन्या जीपचे तेल कुठे जाते?



औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेत तुमच्यापैकी पुष्कळजणांचे येणे होत असेल. गुरुजी मंडळींचे तर नक्कीच. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि त्यानंतर गावोगाव एक वाहन ओळखीचे झाले. ते म्हणजे गटविकास अधिकाऱ्याची जीप. धुरळा उडवीत ती आली की पोरे मागे धावायची. आता सरकारी दारी तशा जुन्या गाड्या उरलेल्या नाहीत. पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून बंदच झाली. पण खाजगी मालकांकडे, वाडी-वस्तीवर, ती जुनी फोर-व्हील जीप अजून काम करते आहे. काळ्या मातीत पावसाळ्यात रस्ता उरत नाही, तेव्हा आजारी माणसाला घाटी रुग्णालयात पोचवायला तिच्यावाचून दुसरे काय आहे, सांगा!

गाऱ्हाणे एकच असते. गाडी तेल फार पिते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, तेव्हापासून हे गाऱ्हाणे अधिकच तिखट झाले आहे. गाडी परवडली नाही तर ती दारात उभी राहते, आणि उभ्या गाडीचा आजाऱ्याला उपयोग नाही. म्हणून आज आपण एवढेच पाहू, की हे तेल नेमके जाते कुठे.

पहिली गोष्ट, मोजल्याशिवाय बोलू नका. “माझी गाडी चौदा देते” असे पारावर बसून सांगणे सोपे आहे. एकाच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून, टाकी गळ्यापर्यंत भरा. मीटरचा आकडा वहीत लिहा. नेहमीसारखी गाडी वापरा आणि पुन्हा तिथेच, तशीच टाकी भरा. जितके लिटर मावले तितके जळले. असे एकदा नव्हे, चार-पाच वेळा करा आणि मग सरासरी काढा. गाडीचा मीटरही तपासून घ्या. महामार्गावरचे वीस दगड मोजा आणि मीटर वीस दाखवतो की अठरा ते पाहा.

इथेच पुष्कळांची फसगत होते. हौसेने मोठे, जाड नक्षीचे टायर बसवतात. मीटर तर चाकाचे फेरे मोजतो. मूळ टायरचा घेर सव्वादोन मीटर आणि नव्याचा दोन मीटर चाळीस सेंटिमीटर असला, तर खरे शंभर किलोमीटर गेल्यावर मीटर दाखवणार चौऱ्याण्णवच्या आसपास. मालक म्हणतो, ॲव्हरेज पडले! त्यातले काही नुसते कागदावर पडलेले असते. मात्र सगळेच नव्हे. तो टायर जडही असतो आणि त्याच्या उंच गुठळ्या डांबरावर जास्त ताकद खातात, तेव्हा खरे नुकसानही आहेच.

शिक्षक बंधू-भगिनींनो, या गाडीवर मुलांना एक सुंदर गणित घालता येईल. जुन्या सीजे-थ्रीबी जीपच्या धुरीतले दात असे बसवले आहेत, की वरच्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाला ५.३८ फेरे घ्यावे लागतात. शाळेच्या अंगणात टायरवर खडूची खूण करा, गाडी एक फेरा ढकला आणि जमिनीवरचे अंतर मोजा. समजा, सव्वादोन मीटर भरले. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ४४४ फेरे, आणि इंजिनाचे जवळजवळ २,४००. ताशी ६० च्या वेगाने एक किलोमीटर एका मिनिटात जातो, म्हणून इंजिन मिनिटाला २,४०० फेरे फिरते. ताशी ८० ला गाडी नेली की ३,२०० फेरे. ही गाडी मुळात ओढकाम करण्यासाठी बांधली आहे. बैलाला घोड्याच्या शर्यतीत उतरवावे तसे आपण तिला हायवेवर पळवतो.

त्यात वाऱ्याचा हिशेब वेगळा. जीपचे तोंड कपाटासारखे सपाट. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वारा अडवतो. साठाचे ऐंशी केले, तर वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटीहून थोडा जास्तच होतो. म्हणून १९७८ पासून इंधन बचतीचे काम करणारी पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ हा वेग सांगत आली आहे. जीपला तो सल्ला इतर गाड्यांपेक्षा जास्त लागू पडतो. टपावरचे रिकामे कॅरिअर, त्यावर गुंडाळून ठेवलेली ताडपत्री, पुढचा लोखंडी गार्ड, हे सगळे वजनही आणि वाराही. लग्नसराई संपली की कॅरिअर उतरवून गोठ्यात ठेवायला काय हरकत आहे?

आता फोर-व्हीलची गोष्ट. तिच्याविषयी गैरसमज फार. कित्येकजण पुढची चाके जोडलेलीच ठेवतात. “पकड चांगली राहते” म्हणे! वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान वर्तुळातून. म्हणजे पुढच्यांना जास्त फिरायला हवे. पण या जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडलेले असतात. चिखलात चाक थोडे घसरते आणि ताण सुटतो. डांबरावर ते घसरत नाही. मग शाफ्टला पीळ बसतो, टायर घासतात, आणि तेल त्या भांडणात खर्ची पडते. दांडा बाहेर निघेनासा झाला की समजावे, पीळ बसला आहे. हातोडी घेऊ नका. गाडी चार हात सरळ मागे घ्या, सुटेल. चारही टायर एका मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत, ते याचसाठी. नाहीतर सरळ रस्त्यावरही तेच भांडण चालू राहते.

दांडा काढला तरी काम अर्धेच झाले. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब नसतील, तर पुढची चाके आतल्या शाफ्टना, धुरीला आणि लांब शाफ्टला उगीचच फिरवत राहतात. हब असतील तर उन्हाळ्यात दोन्ही मोकळ्यावर ठेवा, पावसाळा लागला की दोन्ही जखडा. एक मोकळा, एक जखडलेला असे कधीही नको. मोकळ्या हबवर पंधरवड्यातून एकदा ते जखडून चिखलवाटेने थोडे चालवा, म्हणजे आतल्या दातांना वंगण पोचेल. बचत डोळे दिपवण्याइतकी नाही, पण रोजची आहे. तुमची वहीच ती सांगेल.

सगळ्यात जास्त तेल मात्र मला वाटते चुपचाप घासणारे ब्रेक खातात. गळक्या मोटेने पाणी ओढावे तसला हा प्रकार. मैदानात गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोघांनी ढकलून पाहा. फार रेटा द्यावा लागला, तर कुठेतरी अडकते आहे. सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता चार-पाच किलोमीटर चालवा, थांबा आणि चारही ड्रमजवळ हात न्या. आधी जवळ न्या, एकदम टेकवू नका. एखादा इतरांपेक्षा तापलेला असेल तर चोर सापडला. बहुधा चाकातला सिलिंडर अडकलेला असतो किंवा हॅण्डब्रेकची तार आखडलेली असते. टायरमधली हवाही सकाळी, गाडी थंड असताना, गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे भरा. पुढच्या टायरची एकच कड झिजत असेल तर चाकांची रेष बिघडली आहे.

इंजिनाकडे आता वळू. एका लिटर डिझेलमधली जेमतेम पाव ताकद चाकांपर्यंत येते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्या वाटे उष्णता होऊन जाते. हे निसर्गाचे गणित आहे, त्याला इलाज थोडाच. पण आपण त्यात भर घालतो. एक वाईट पद्धत सांगतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. त्या वस्तूचे कामच मुळी इंजिनाचे पाणी साधारण ८० अंशांपर्यंत चटकन तापवून तिथे राखण्याचे. ती नसली की थंडीच्या दिवसांत गावापासून बाजारापर्यंत इंजिन गारच चालते. गार इंजिन जास्त तेल पिते आणि लवकर झिजतेही. गाडी उकळत असेल तर रेडिएटर तुंबला असेल, पंख्याचा पट्टा सैल असेल. ते दुरुस्त करा आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

धुराकडे लक्ष द्या. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, अर्थात तुमचे पैसे. उचल वाढावी म्हणून मिस्त्रीकडून पंपाचा स्क्रू वाढवून घेतलात, तर हेच होणार. आधी एअर फिल्टर पाहा. जुन्या जीपला तेलाचा फिल्टर असतो आणि आपल्या धुळीत तो किती लवकर गाळाने भरतो हे उघडून पाहिल्याशिवाय पटत नाही. तो डिझेलने धुऊन, पुसून, खुणेपर्यंतच नवे तेल भरा. खुणेच्या वर मुळीच नको. जादा तेल इंजिन ओढून घेते, आणि मग ते चावी बंद केली तरी आवरत नाही. फिल्टर साफ असूनही धूर राहिला तर नोझल आणि पंप त्या कामाच्या दुकानात यंत्रावर तपासून घ्यावेत.

ज्यांच्याकडे अजून पेट्रोलवरची जीप आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत गेले. आपल्या उसापासूनही ते बनते, ही अभिमानाची गोष्ट. पण लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. तेव्हा लिटरमागे सहा-सात टक्के ताकद कमीच पदरात पडते आणि तेवढा दोष गाडीला देऊ नये. मात्र जुन्या रबरी नळ्या आणि तेलपंपाचा पडदा त्याने फुगू शकतो. ते नव्या इंधनाला चालणारे घाला. तेलाच्या नळीवर बांधायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवायचे असतील तर निदान आधी आणि नंतर वहीत मोजमाप करा!

राहिला घाट. चौक्याचा घाट घ्या, किंवा कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा घ्या. तेल वाचवायला चालक न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. जुन्या डिझेल जीपच्या पंपाची रचना अशी आहे, की गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि उतारावर चाके इंजिनाला फिरवू लागली, की पंप डिझेल सोडणे जवळपास थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल सोडावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च थोडा जास्तच! आणि गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर. ड्रम तापला की लायनरची पकड सुटते, मग पाय तळाला टेकला तरी गाडी थांबत नाही. मागे दहा-बारा माणसे बसलेली असतात. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाका, इंजिनाला गाडी धरू द्या आणि ब्रेक अधूनमधून, थोडाथोडाच लावा. घाट उतरल्यावर रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे थांबून चारही ड्रमजवळ पुन्हा एकदा हात नेऊन पाहा.