टायरचे माप बदलले की मीटर का चुकते?

भाजीपाला, फळे, दूध बाजारात पोचविण्यासाठी अनेक शेतकरी बंधूंनी स्वतःची पिकअप गाडी घेतली आहे. शेतरस्त्यावर पावसाळ्यात गाडी रुतते, बुडाला दगड घासतात. म्हणून टायर झिजले की त्याच मापाचे न घेता एक माप मोठे बसविण्याकडे कल असतो. गाडी थोडी उंच होते हे खरे. परंतु त्यानंतर काही दिवसांतच 'गाडीचे ॲव्हरेज पडले' अशी तक्रार ऐकू येते. इंजिन तपासून घेण्याआधी मीटरकडे पाहावे.

वेगमापक म्हणजेच स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, तो फेरे मोजतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत गिअरबॉक्समधून आलेली केबल मीटरमधील लोहचुंबक फिरविते. त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध वळते आणि तिला जोडलेला काटा सरकतो. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले होते. नव्या गाड्यांत केबलऐवजी सेन्सर असतो, एवढाच फरक. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे कारखान्याने मूळ टायरच्या मापावरून ठरवून दिलेले असते. टायर मोठा झाला, एका फेऱ्यातील अंतर वाढले, तरी मीटरला त्याचा पत्ता नसतो.

हा फरक घरीच काढता येतो. टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिले असेल, तर रुंदी २१५ मि.मी., बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मि.मी. आणि रिमचा व्यास १५ इंच म्हणजे ३८१ मि.मी. असतो. रिमच्या वर व खाली अशी दोन वेळा उंची मिळविली की टायरचा व्यास सुमारे ७०३ मि.मी. येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ टायर बसविला, तर व्यास सुमारे ७३३ मि.मी. होतो. म्हणजे सव्वाचार टक्के वाढ. गाडी उंच झाली ती निम्म्याने, जेमतेम दीड सें.मी. काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ६२.५ च्या आसपास धावते, तर ८० वर असताना ८३ च्या पुढे. ज्या गाडीला वेगनियंत्रक बसविला आहे, तोही त्याच संकेतावर चालत असेल तर तितकाच फसतो.

आता ॲव्हरेजकडे वळू. मीटरवर ३०० कि.मी. पडले आणि २५ लिटर डिझेल लागले, तर हिशेब लिटरला १२ कि.मी. असा येतो. प्रत्यक्षात गाडी सुमारे ३१३ कि.मी. चाललेली असते, म्हणजे सरासरी साडेबारा. जड व रुंद टायरमुळे डिझेल थोडे जास्त लागू शकते, पण तक्रारीतील मोठा वाटा बहुधा मीटरचाच असतो. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्यांचे मात्र दर शंभर कि.मी.ला चार कि.मी. फुकट जातात. ऑइल बदलण्याची वेळही तेवढीच पुढे ढकलली जाते.

मूळ टायरवरही मीटर अगदी बिनचूक नसते. वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये, थोडे जास्त दाखविले तर चालेल, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे कारखाने काटा किंचित पुढे ठेवतात आणि मोठा टायर ही सवलत खाऊन टाकतो. उलट, टायर झिजत गेला की व्यास घटतो व मीटर आणखी जास्त दाखविते. म्हणून नुसत्या आकडेमोडीवर न थांबता प्रत्यक्ष तपासावे. मोकळ्या रस्त्यावर काटा ६० वर स्थिर ठेवून दोन किलोमीटर दगडांमधील वेळ शेजारी बसलेल्या माणसाने घड्याळावर मोजावा. ३६०० ला सेकंदांनी भागले की खरा वेग मिळतो. मोबाईलवरील जीपीएसनेही हे काम होते.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी वेगळी आहे. अनेक ट्रॅक्टरांत मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालते व त्यावर छापलेला वेग ठराविक गिअर आणि ठराविक टायर धरून दिलेला असतो. मागे १२.४-२८ ऐवजी १३.६-२८ टायर बसविले, तर व्यास सुमारे १२६० वरून १३१० मि.मी. होतो. त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच फेऱ्यांवर ट्रॅक्टर ४ टक्के जोरात चालतो. नांगरटीत हे जाणवणार नाही, फवारणीत मात्र हिशेब बदलतो. समजा ६ मीटर पट्ट्याचा फवारणी यंत्राचा दांडा मिनिटाला ९.६ लिटर द्रावण सोडतो. ताशी ४ कि.मी. वेगाला हेक्टरी २४० लिटर पडते, तर वेग ४.१६ झाला की सुमारे २३१ लिटर. एवढ्याने तण वाचेल असे नाही, पण चूक कळल्यावर ती ठेवण्याचे कारण नाही.

याहून मोठा धोका चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरांत आहे. त्यांत पुढची चाके मागच्यापेक्षा साधारण १ ते ५ टक्के जास्त ओढ घेतील असे दाते ठरविलेले असतात. फक्त मागचे टायर मोठे केले की ही आघाडी संपते, पुढची चाके फरफटतात, टायर लवकर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. येथे सव्वाचार टक्के किरकोळ नाहीत. पुढचे व मागचे टायर कंपनीने सुचविलेल्या जोडीनेच बदलावेत. पिकअपलाही उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेलेच माप घ्यावे. टायर वळणावर मडगार्डला घासत नाही ना, हे गाडी भरलेली असताना पाहावे.

फवारणीपूर्वी टाकी अर्धी भरून शेतातच ५० मीटर अंतर खुंट्या ठोकून आखावे. ट्रॅक्टर आधीपासून चालता ठेवून ते अंतर कापण्यास लागलेले सेकंद मोजावेत आणि १८० ला त्या आकड्याने भागावे. ४५ सेकंद लागले तर वेग ताशी ४ कि.मी. समजावा. चाकांची घसरणही यात आपोआप धरली जाते. टायर बदलल्यावर ही मोजणी नव्याने करावी व येणारा आकडा मडगार्डवर रंगाने लिहून ठेवावा.